हौद्यावर घर चढवण्याआधी : पिकअप आणि हलक्या कॅम्परचं वजनगणित

पिकअपच्या हौद्यावर चढवता-उतरवता येईल असा झोपण्या-स्वयंपाकाचा डबा, म्हणजे कॅम्पर, बनवून घ्यायचा असेल तर नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी डिझेलची टाकी फुल करा, स्टेपनी आणि जॅक जागेवर ठेवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिन्ही पावत्या जपून ठेवा. पुढच्या आणि मागच्या वजनाची बेरीज पूर्ण वजनाशी दहा-वीस किलोंच्या फरकाने जुळली पाहिजे. जुळत नसेल तर काट्याला लागून असलेली जमीन सपाट नाही असं समजा आणि दुसरा काटा शोधा. डब्याची लांबी, उंची, पलंग, खिडक्या हे सगळं या आकड्यांनंतर ठरवायचं. बहुतेकदा याच्या उलट होतं. आधी डबा तयार होतो, मग गाडी मागून बसलेली दिसते आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवायची चर्चा सुरू होते.

मालवाहू गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं माल, माणसं, इंधन धरून चालणारं कमाल एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीची पेलण्याची क्षमता. बोलताना आपण ‘दीड टन पासिंग’ म्हणतो तेव्हा अंदाजाने याच आकड्याबद्दल बोलत असतो. पण रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो, आणि नंतर बसवलेला लोखंडी गार्ड, टपावरचं कॅरियर, हौद्यातलं अस्तर यांची तर आरसीला खबरच नसते. अमेरिकेत पिकअपच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिच्यावर त्या विशिष्ट गाडीपुरतं छापलेलं असतं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या साध्या आणि सजवलेल्या गाडीचे आकडे वेगळे येतात. आपल्याकडे हे काम काट्याच्या पावतीवर करावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. डबल कॅबिनची पिकअप, कमाल एकूण वजन २,९०० किलो, काट्यावर आलेलं वजन २,२३० किलो. उरले ६७० किलो. दोन माणसांचे १४० वजा केले की ५३०. फॅब्रिकेटर सांगतो, ‘डबा २६० किलोंत बसवतो.’ वाटतं, निम्मी क्षमता शिल्लक आहे! आता भरायला घ्या. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. छोटा गॅस सिलिंडर ११, लिथियम बॅटरी १३, दोन सोलर पॅनेल १६, फ्रिज १६, गादी-पांघरूण २५, किराणा आणि भांडी ४०, कपडे ३०, हत्यारं आणि दोर २०, बाजूचा छत-पडदा १५. डब्यासकट बेरीज ५०६ किलो. शिल्लक फक्त २४. मागे दोन मुलं बसवली की गाडी मर्यादेबाहेर गेली. क्षमतेतला किमान दहावा हिस्सा, म्हणजे इथे सुमारे ६५ किलो, मोकळा ठेवावा असं आमचं ठाम मत आहे. वजन कमी करायला पाण्याइतकी सोपी जागा दुसरी नाही. त्र्यंबक, भंडारदरा, वणी या वाटांवर पाणी मिळतं, तेव्हा निघताना ३० लिटर पुरे. घरातली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून डब्यात ठेवण्याचा मोह मात्र टाळा. ती एकटीच पन्नास किलोंच्या आसपास भरते.

यावर नाशिकमध्ये हमखास एक प्रश्न येतो: पिंपळगावच्या बाजारात दीड टनाच्या गाडीत दोन टन टोमॅटो येतो, मग शंभर किलोंनी काय बिघडतं? पहिली गोष्ट, तिथेही बिघडतंच. त्याचा खर्च टायर, बेअरिंग आणि ब्रेकच्या बिलांत निघतो. दुसरी, क्रेट तासाभराने उतरतात, कॅम्पर मात्र सहलभर प्रत्येक खड्ड्यात गाडीवर बसलेला असतो. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: त्याचं वजन उंचावर असतं.

उंचीचा हिशोब करून पाहा. वरच्या उदाहरणातल्या गाडीचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) जमिनीपासून ०.७ मीटरवर धरला आणि ५०० किलोंच्या भरलेल्या डब्याचा १.३५ मीटरवर, तर दोन्ही मिळून गुरुत्वमध्य सुमारे ०.८२ मीटरवर जातो. म्हणजे १२ सेंटिमीटर वर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे उलटण्याला होणाऱ्या विरोधाचं ढोबळ माप आहे. चाकांतलं अंतर १.५३ मीटर धरलं तर ते १.०९ वरून ०.९३ वर येतं. सापुताऱ्याच्या वळणावर नेहमीच्या वेगाने स्टिअरिंग फिरवलं की हा फरक लगेच कळतो. म्हणून छत खाली बसणारा, थांबल्यावर वर उचलायचा डबा निवडावा. तो वाऱ्यालाही कमी अडतो. पाण्याची टाकी, बॅटरी, किराणा तळाशी ठेवा, वरच्या कपाटात फक्त कपडे.

पुढे-मागे तोल कुठे पडतो, हे त्याहून जास्त वेळा चुकतं. डब्याचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि ४५० किलोंचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे आहे असं धरा. मागच्या अ‍ॅक्सलवर ४९५ किलो येतात आणि पुढचा अ‍ॅक्सल ४५ किलोंनी हलका होतो. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग सैल, ब्रेक कमजोर. तेच वजन ३० सेंटिमीटर पुढे असेल तर मागे ४०५ आणि पुढे ४५ जादा. डबल कॅबिनचा हौदा जेमतेम दीड मीटरचा असतो. त्यावर सव्वादोन मीटरचा डबा ठेवून फाळका (हौद्याचं मागचं झडप) उघडा टाकला आणि स्वयंपाकघर मागे घेतलं की तोल मागे गेलाच.

डब्याचा गुरुत्वमध्य काढायला धान्याच्या गाळ्यावरचा ३०० किलोंचा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. डब्याची पुढची कड लाकडी ठोकळ्यावर आणि मागची कड काट्यावर ठेवा, डबा आडव्या पातळीत आणा. लांबी २.२ मीटर, एकूण वजन २६० आणि मागच्या कडेखालचा आकडा १२० आला तर २.२ गुणिले १२० भागिले २६०, म्हणजे पुढच्या कडेपासून सुमारे १.०२ मीटर. तिथे रंगाने खूण करा. अमेरिकेतले उत्पादक अशी खूण डब्याच्या कुशीवर लावूनच विकतात.

वजन वाचवायची खरी जागा सांगाड्यात आहे. २५ बाय २५, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी बॉक्स पाईप मीटरला १.४४ किलो भरतो. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा अर्धा किलो, पण अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांश, त्यामुळे तो लवतो. उपाय म्हणजे माप वाढवा. ४० बाय ४०, २ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पाईप मीटरला ०.८२ किलो भरतो आणि त्या लोखंडी पाईपपेक्षा दीडपट ताठ असतो. फर्निचरच्या सवयीने १८ मिलिमीटर प्लाय वापरू नका. ८ बाय ४ फुटांचं एक पान ३५ किलोंच्या आसपास जातं. तळाला १२ मिलिमीटरचं प्लाय, तेही २३ किलो, पुरेसं आहे. भिंतींना पातळ पत्रा आणि मध्ये २५ मिलिमीटर एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीनचा घट्ट, हलका फोम) घ्या.

दीड टनाची कामाची पिकअप घेतली तर वजनाचा प्रश्न सुटतो, पण तिचे पाटे दीड टनासाठी ताठ केलेले असतात. ५०० किलोंवर गाडी उडते आणि हिसके डब्याच्या सांध्यांना बसतात. रिबिटा सैल होतात, सिलिकॉन फाटतं, पहिल्या पावसात कोपऱ्यातून पाणी येतं. तिथे नायलॉन-कड्याचे नट आणि लवचिक पॉलियुरेथेन सीलंट वापरावं.

हलक्या गाडीला जादा पाटे किंवा हवेचे फुगे (स्प्रिंगच्या जोडीला बसवायच्या हवा भरलेल्या रबरी पिशव्या) लावून क्षमता वाढत नाही. गाडी फक्त सरळ उभी दिसते. ब्रेक, बेअरिंग, अ‍ॅक्सल, टायर तेच राहतात. पाट्याचा भार चेसिसवर दोन टोकांना वाटला जातो, फुगा तो मधल्या एका जागी ढकलतो. मागे लोंबणारा जड डबा आणि फुगे एकत्र आले की कॅबिन आणि हौद्याच्या मध्ये चेसिस वाकते. टायरच्या कडेवरचा भारांकही वाचा: १०४ म्हणजे ९०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो, एका टायरला. मागच्या अ‍ॅक्सलची पावती त्याच्या दुपटीच्या आत हवी.

ब्रेकचं काम आकड्यांत सांगायचं तर इगतपुरी ते कसारा उतार सुमारे ३०० मीटरचा. तीन टन गाडी तो उतरताना जवळपास ८८ लाख ज्यूल ऊर्जा सुटते, साधारण २६ लिटर गार पाण्याला उकळी आणेल इतकी. यातली जितकी इंजिन शोषणार नाही, तितकी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. दुसरा-तिसरा गिअर घाट सुरू होण्याआधीच टाका.

डबा बांधताना हौद्याचे दोर अडकवायचे हूक विसरा. ते पत्र्याला असतात. चेसिसला पोचणारे चार आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) आणि टर्नबकल (फिरवून ताण आवळायचे जोड) घ्या. जोराच्या ब्रेकला ५०० किलोंचा डबा पुढे ३५० किलोंच्या ताकदीने सरकू पाहतो. खाली रबरी चटई घातली की त्यातला बराच भार घर्षण पेलतं. पहिल्या वीस-तीस किलोमीटरवर थांबून टर्नबकल पुन्हा आवळा, तोवर चटई दबलेली असते. चालत्या गाडीत डब्यात कुणी बसायचं नाही. डबा कायमचा जोडून टाकायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबाबतचं) लागू होऊ शकतं, तेव्हा वेल्डिंग करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा. जादा भाराचा दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे.