लोड-पथ त्रुटी (रुबी चाचण्या)

रुबी भाषेत स्वयंचलित चाचणी चालवताना हवी ती फाइल सापडली नाही की येणारी त्रुटी. पडद्यावर ‘लोडएरर’ हे नाव आणि ‘कॅनॉट लोड सच फाइल’ हा संदेश दिसतो. फाइल बहुतेक वेळा जागेवरच असते. रुबी तिला दुसरीकडे शोधत असते.

विदर्भातल्या खेड्यात वावराचा पत्ता ‘नाल्यापलीकडे, पांदणीच्या डाव्या हाताला’ असा सांगतात. सांगणारा नाल्याच्या दुसऱ्या काठावर गेला की तोच पत्ता चुकतो. ‘पाटलाच्या विहिरीपासून तिसरं वावर’ हा पत्ता मात्र कुठूनही सांगितला तरी बरोबर राहतो, कारण विहीर हलत नाही. या त्रुटीचं मूळ नेमकं इथेच आहे.

दुसरी फाइल आणून जोडणारी ‘रिक्वायर’ ही आज्ञा ‘लोड पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर क्रमाने धुंडाळते. प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला तो चालू फोल्डर पूर्वी या यादीत असे. २०१० साली आलेल्या रुबी १.९.२ मध्ये सुरक्षेसाठी तो काढला गेला. ‘रिक्वायर_रिलेटिव्ह’ मात्र ज्या फाइलमध्ये लिहिलं तिथूनच वाट मोजते. विहीर तीच.

समजा, हिंगणघाटच्या बाजारातल्या कापसाच्या काटापट्ट्यांचा हिशोब करणारा छोटा प्रोग्राम आहे. कोड ‘लिब’ फोल्डरमध्ये, चाचण्या ‘टेस्ट’मध्ये. ‘रेक’ या रुबीची ठरलेली कामं चालवणाऱ्या साधनाला ‘रेक टेस्ट’ अशी आज्ञा दिली की सगळं सुरळीत चालतं, पण तीच चाचणी एकटी चालवली की अडते. शिकणारी पोरं इथे हमखास गोंधळतात आणि आपला कोडच चुकला असं समजून बसतात. कोड बरोबर असतो. रेकचा टेस्टटास्क, म्हणजे चाचण्या चालवणारा भाग, ‘लिब’ला स्वतःहून यादीत घालतो, एकट्या ‘रुबी’ आज्ञेला ते सांगावं लागतं: ‘रुबी -आय लिब टेस्ट/काटापट्टी_टेस्ट.आरबी’ (‘आय’ मोठ्या इंग्रजी अक्षरात). आरस्पेक हे चाचण्यांचं दुसरं साधन वापरत असाल तर ‘लिब’ आणि ‘स्पेक’ दोन्ही आपोआप यादीत येतात.

आपल्या लॅपटॉपवरचा ‘सी’ ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता चाचणीत लिहून टाकणं हा सर्वांत वाईट उपाय. तालुक्याच्या संगणकवर्गात दुसऱ्या मशीनवर बसलं की तो मोडतो.

संदेशातलं नाव आपल्या फाइलचं नसून जेमचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार रुबी पॅकेजचं असेल, तर वाट बदलून उपयोग नाही. तो जेम जेमफाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या जेमच्या यादीत आहे का ते पाहून, ती यादी धरून चालणाऱ्या ‘बंडल एक्झेक’ आज्ञेने चाचणी चालवावी.

कापसाच्या दरांची सीएसव्ही फाइल (तक्त्यातली माहिती साठवणारी साधी फाइल) वाचताना येणारी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही त्रुटी वेगळी. ‘फाइल.रीड’ लोड पाथ पाहत नाही, चालू फोल्डरपासून मोजते. तिथे ‘फाइल.जॉइन’ला ‘__डिर__’ची जोड द्यावी; म्हणजे चाचणीची फाइल जिथे आहे त्या फोल्डरपासून पत्ता धरला जातो.

विंडोजवर पास झालेली चाचणी लिनक्स सर्व्हरवर अडली, तर फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आधी तपासावीत. विंडोज सहसा तो फरक मानत नाही, लिनक्स मानतं.