वर्टला हवा द्यायची कधी? या प्रश्नामागची गोष्ट

घरी बिअर करू लागलेला नवखा हमखास इथे गोंधळतो. बिअरला हवा लागू देऊ नका, असं त्याला पदोपदी बजावलेलं असतं आणि यीस्ट घालायची वेळ आली की वर्टचं, म्हणजे बिअर होण्याआधीच्या गोड धान्यरसाचं, भांडं खळखळून हलवायला सांगतात.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. उकळलेलं वर्ट ‘कूलशिप’ नावाच्या उथळ, उघड्या टाकीत रात्रभर निवायचं आणि निवता निवता पोटभर हवा घ्यायचं. पुढे बोदलो कूलर आला. त्यात गार पाणी खेळणाऱ्या आडव्या नळ्यांच्या बाहेरून वर्ट पातळ पदरासारखं ओघळायचं. हवा फुकट मिळायची, सोबत जंतूही. पाश्चरने 1876 च्या ग्रंथात बिअर नासण्याचं खापर जंतूंवर फोडलं. यीस्टच्या वाढीला हवा लागते, हेही त्यानेच दाखवलं होतं. कारखान्यांनी पहिला धडा आधी मनावर घेतला. 1883 मध्ये कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळं काढल्यावर उघडी भांडी डोळ्यांत खुपू लागली. 1923 मध्ये सेलिगमनचा, मुळात दुधासाठीचा, प्लेट कूलर आला. त्यात वर्ट बंदिस्तच गार होतं. उकळताना गेलेला ऑक्सिजन परत यायची वाटच बंद झाली. मग गाळलेली, निर्जंतुक हवा मुद्दाम सोडणं आलं.

यीस्टला ती नेमकी कशाला लागते, हे 1950 च्या दशकात आंद्रेआसेन आणि स्टीअर यांच्या प्रयोगांतून कळलं. पेशीच्या आवरणाला लागणारे स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ल ऑक्सिजनशिवाय बनत नाहीत. प्रत्येक नव्या पेशीबरोबर आईकडची शिदोरी निम्मी होते. ती संपली की आंबणं रेंगाळतं.

वेळेचं उत्तर यातच आहे: वर्ट गार झाल्यावर, यीस्ट घालण्याच्या आगेमागे. गरम वर्टात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि विरघळेल तो वर्टातल्याच घटकांशी जुळतो. आंबणं उरकल्यावर शिरलेली हवा बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आणते.

साध्या हवेने लीटरमागे फार तर 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो. नेहमीच्या ताकदीच्या बिअरला तेवढा पुरतो, म्हणून फेस भांड्याच्या गळ्यापर्यंत चढेस्तोवर हलवणं मला पुरेसं वाटतं. जड बिअरला मात्र ऑक्सिजनचा सिलिंडर आणि बारीक छिद्रांचा एअरस्टोन हवा. कोरडं यीस्ट वापरणाऱ्याला यातून बहुधा सूट मिळते. कारखान्यात भरपूर हवेवर पोसलेलं ते यीस्ट आपली शिदोरी बांधूनच पुडीत बसलेलं असतं.