मिठाला महाग केलेला शेजारी

त्लाश्कालाच्या लोकांनी कित्येक वर्षं अळणी खाल्लं. आजच्या मेक्सिको शहराच्या पूर्वेला डोंगराळ मुलखातलं हे छोटं राज्य. अझ्टेकांनी त्याची चहूबाजूंनी नाकेबंदी केली होती. मीठ बंद, कापूस बंद. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस आला तेव्हा जे घडलं, ते या मिठापासून समजून घ्यायला हवं.

ज्याला आपण अझ्टेक साम्राज्य म्हणतो, ती खरं तर १४२८ च्या सुमारास झालेली तीन नगरांची युती: तेनोच्तित्लान (तळ्यातल्या बेटावरचं, आजच्या मेक्सिको शहराच्या जागी असलेलं नगर), तेश्कोको आणि त्लाकोपान. पुढे तेनोच्तित्लानचे मेशिका लोक वरचढ झाले. जिंकलेल्या मुलखात ते बहुधा स्थानिक राजालाच गादीवर ठेवत आणि खंडणी घेत: मका, कापड, कोको, रंगीबेरंगी पिसं. मांडलिक खंडणी भरत होते, पण भीतीपोटी. त्लाश्काला मात्र कधीच नमलं नाही. त्याच्याशी होणाऱ्या लढायांत पकडलेले योद्धे बळी देण्यासाठी तेनोच्तित्लानला नेले जात. ज्या घरातला मुलगा असा गेला, त्या घराला मेशिकांबद्दल काय वाटत असेल?

कोर्तेसबरोबर सुमारे पाचशे शिपाई आणि सोळा घोडे होते. त्लाश्कालाने आधी त्याच्याशी लढाई केली, मग हात मिळवला. ही बोलणी झाली ती मालिन्त्सिन या तरुण स्त्रीमुळे. तिला नाहुआत्ल, म्हणजे मेशिका आणि त्लाश्कालाच्या लोकांची भाषा, आणि माया अशा दोन्ही भाषा येत; माया जाणणारा एक स्पॅनिश तिचं बोलणं कोर्तेसला सांगे. तिला दुसऱ्यांच्या हाती देऊन टाकलं होतं, आणि स्पॅनिशांकडेही ती भेट म्हणूनच आली. स्पॅनिशांना मदत केली म्हणून तिला अनेकदा फितूर म्हटलं जातं; तसं सरसकट ठरवणं मला पटत नाही. ती मेशिका नव्हतीच.

८ नोव्हेंबर १५१९ ला हे सैन्य तेनोच्तित्लानमध्ये शिरलं आणि लवकरच राजा मोक्तेसुमा कैदेत पडला. कोर्तेसला परत आलेला केत्साल्कोआत्ल देव समजून राजा गांगरला, ही गोष्ट विजयानंतर काही दशकांनी लिहिली गेली. तिच्यावर विसंबून एका अख्ख्या समाजाला भोळसट ठरवणं अन्यायाचं आहे. हे लोक पेटून उठले. त्यांनी ३० जून १५२० च्या रात्री स्पॅनिशांना शहराबाहेर हुसकावलं आणि त्यांची शेकडो माणसं मारली.

पळालेल्या कोर्तेसला आसरा दिला तो त्लाश्कालाने. त्याच वर्षी देवीची साथ आली. हा रोग त्या भूमीने कधी पाहिलाच नव्हता. घरंच्या घरं एकाच वेळी आडवी झाली, पाणी द्यायलाही कोणी उरलं नाही. मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वित्लावाक जेमतेम ऐंशी दिवसांत देवीनेच गेला. साथ त्लाश्कालातही पसरली, पण स्पॅनिश शिपायांपैकी बहुतेकांना ती लहानपणी होऊन गेलेली असे.

मे १५२१ मध्ये वेढा पडला. त्लाश्कालाच्या हमालांनी गलबतांचे सुटे भाग डोंगरातून वाहून आणले आणि एव्हाना कोर्तेसच्या बाजूला आलेल्या तेश्कोकोत ते जोडून तेरा गलबतं तळ्यात उतरली. जवळच्या चापुल्तेपेक टेकडीहून शहरात येणारं गोडं पाणी तोडलं गेलं. वेढ्यात हजारो स्थानिक योद्धे होते, त्यांच्यापुढे स्पॅनिश मूठभर. उपासमारीतही शहर गल्लीगल्लीतून लढलं. १३ ऑगस्टला तरुण राजा क्वाउतेमोक होडीतून निघाला असताना पकडला गेला.

तीसेक वर्षांनी त्लाश्कालाने ही सारी मोहीम एका मोठ्या कापडावर चितारून घेतली. त्या चित्रांत त्यांचे योद्धे स्पॅनिशांच्या खांद्याला खांदा लावून लढताना दिसतात.