जेरूसलेम सत्रातील अभ्यासक्रम (ब्रिगम यंग विद्यापीठ)

अमेरिकेच्या यूटा राज्यातील प्रोव्हो येथील ब्रिगम यंग विद्यापीठ (स्थापना १८७५) आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जेरूसलेम येथे सुमारे चार महिन्यांचे निवासी सत्र चालविते. बायबलचे जुना व नवा करार हे दोन भाग, प्राचीन व आधुनिक निकट पूर्वेचा (पश्चिम आशिया व आसपासच्या प्रदेशाचा) इतिहास आणि हिब्रू किंवा अरबी भाषा हे या सत्राचे मुख्य अध्ययनविषय होत. हे विद्यापीठ ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या, मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाच्या मालकीचे आहे. हा पंथ स्वतःला ख्रिस्ती म्हणवितो. मात्र त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) पारंपरिक सिद्धांत तो मानीत नसल्याने आणि बायबलसोबत आणखीही ग्रंथ पवित्र मानीत असल्याने इतर अनेक ख्रिस्ती पंथांना त्याचा हा दावा मान्य नाही.

जेरूसलेमशी या पंथाचा संबंध जुना आहे. ऑर्सन हाइड या त्याच्या धर्मनेत्याने १८४१ मध्ये जैतुनाच्या डोंगरावर प्रार्थना केली होती. विद्यापीठाचे विद्यार्थी मात्र १९६८ पासून येथे सत्रासाठी येऊ लागले आणि पुढची जवळजवळ दोन दशके ते भाड्याच्या जागांत राहून शिकले. सध्याची आठ पातळ्यांची, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली वास्तू स्कोपस डोंगराच्या रांगेवर, १९६७ च्या युद्धात इस्रायलने ताब्यात घेतलेल्या पूर्व जेरूसलेममध्ये आहे. विद्यार्थी १९८७ मध्ये तेथे राहावयास आले आणि १६ मे १९८९ रोजी पंथाचे ज्येष्ठ धर्मनेते हॉवर्ड डब्ल्यू. हंटर यांच्या हस्ते तिचे समर्पण झाले. स्थानिक लोक तिला सरळ ‘मॉर्मन विद्यापीठ’ म्हणतात.

वर्गातला पाठ आणि प्रत्यक्ष भूमी यांची सांगड हे या सत्राचे वैशिष्ट्य होय. एखाद्या राजाची किंवा संदेष्ट्याची कथा वर्गात शिकवून झाली की, शक्य तेथवर, ती जेथे घडली असे मानले जाते त्या जागी विद्यार्थ्यांना नेले जाते. त्यासाठी बायबलच्या भूगोलाचे शिक्षण सुरुवातीपासूनच द्यावे लागते, आणि ते शोभेपुरते नसते. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतात एक मनुष्य जेरूसलेमहून ‘खाली’ यरीहोकडे जाताना लुटारूंच्या हाती सापडतो. घरी बसून वाचणाऱ्याच्या ध्यानात हा शब्द राहत नाही. परंतु जेरूसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली असल्याने, तीसेक किलोमीटरांत हजार मीटर उतरणाऱ्या त्या उजाड, घळींच्या वाटेवर लुटारूंना दबा धरणे किती सोपे होते, हे एका दुपारच्या प्रवासात उमगते. दावीदाने गोफणीच्या दगडाने गल्याथ या धिप्पाड पलिष्टी योद्ध्याला मारले, त्या कथेचेही तसेच आहे. किनाऱ्यालगतचे मैदान पलिष्ट्यांकडे, डोंगराळ प्रदेश इस्रायलांकडे आणि मधे शफेला नावाचा टेकड्यांचा पट्टा. या पट्ट्यातून वर चढणाऱ्या मोजक्या खोऱ्यांपैकी एक एलाचे खोरे असल्याने दोन्ही सैन्ये नेमकी तेथेच का ठाकली, हे अजेका टेकडीवरून खाली पाहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या खोऱ्यात विद्यार्थी गोफणीने दगड भिरकावूनही पाहतात; नेम बहुधा चुकतो.

जेरूसलेम शहरातच यहूदाच्या हिज्कीया राजाच्या काळचे, ५३३ मीटर लांबीचे भुयार आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस अश्शूरी आक्रमणाच्या भीतीने गीहोन झऱ्याचे पाणी तटाच्या आत वळविण्यासाठी ते खोदले गेले, असे सामान्यतः मानतात. दोन्ही टोकांकडून खोदत आलेले कामगार मध्यभागी कसे भेटले, याचे वर्णन करणारा शिलालेख १८८० मध्ये तेथे सापडला व तो आता इस्तंबूलला आहे. जुन्या करारातील राजे व इतिहास या पुस्तकांतील भुयाराच्या उल्लेखांची ओळख करून घेतलेले विद्यार्थी त्याच वाहत्या पाण्यातून, हातात विजेरी घेऊन, पलीकडे जातात. नव्या करारासाठी, येशूने जेथे उपदेश केला त्या गालील समुद्राच्या (प्रत्यक्षात एका सरोवराच्या) परिसरातील मुक्काम असतो. जॉर्डनचा दौरा आणि, परिस्थितीनुसार, ईजिप्त किंवा तुर्कस्तानचा दौराही अभ्यासाचाच भाग असतो.

धर्मग्रंथांचे वर्ग बहुधा प्रोव्होहून आलेले प्राध्यापक घेतात. भाषेचा अभ्यास प्राथमिक पातळीवरचाच असतो. बाजारातले व्यवहार आणि पाट्या वाचणे यांपलीकडे चार महिन्यांत फारसे साधत नाही.

आधुनिक निकट पूर्वेचा इतिहास मात्र एका आवाजात शिकविला जात नाही. एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी अध्यापक आपापल्या बाजूने तो मांडतात, त्यामुळे १९४८ हे एकच वर्ष एका वर्गात इस्रायलच्या स्वातंत्र्याचे आणि दुसऱ्या वर्गात ‘नकबा’चे, म्हणजे महासंकटाचे, म्हणून समोर येते. या सत्रातील सर्वांत मोलाचा विषय बहुधा हाच म्हणावा लागेल, कारण धर्मग्रंथांच्या ओढीने येथे आलेल्या विद्यार्थ्याला तो आज येथे राहणाऱ्या माणसांकडे पाहावयास लावतो.

धर्म शिकवावयाचा, पण त्याचा प्रचार करावयाचा नाही, ही या सत्राची मोठी अट आहे. बांधकामाच्या वेळी कर्मठ ज्यू गटांनी धर्मांतराच्या भीतीने तीव्र निदर्शने केली होती. त्यावर पंथाने इस्रायलमध्ये प्रचार न करण्याचे लेखी वचन दिले. घरोघरी जाऊन धर्मप्रचार करण्यासाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या पंथाने हे मौन पत्करावे, यातला विरोधाभास सहज नजरेत भरतो. विद्यार्थ्यांनाही तसे हमीपत्र द्यावे लागते, आणि कोणी आपणहून त्यांच्या श्रद्धेविषयी विचारले तरी त्यांनी चर्चा टाळावयाची असते. आठवड्याची उपासना रविवारऐवजी शनिवारी होते. (कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचे घाणे शनिवारी बंद असत व त्यावरून त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडले; इस्रायलमध्ये तो साऱ्या देशाचाच सुटीचा दिवस आहे.) सभागृहात डॅनिश मार्कुसेन कंपनीचा ऑर्गन असून काचेच्या भिंतींपलीकडे जुने शहर दिसते. तेथील संगीतसभांना शहरातले नागरिकही येतात.

दुसऱ्या इंतिफादामुळे, म्हणजे पॅलेस्टिनी उठावामुळे, २००० मध्ये विद्यार्थ्यांची सत्रे थांबली, ती २००७ च्या आरंभी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात वास्तू पाहुण्यांसाठी आणि संगीतसभांसाठी उघडीच राहिली. करोना साथीत, २०२० मध्ये, पुन्हा खंड पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध भडकल्यावर चालू सत्रातील विद्यार्थ्यांना देशाबाहेर हलविण्यात आले.