पूर्वज सापडतो तो जमिनीच्या कागदात

सतराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद ठेवण्याचं काम चर्चकडे होतं. त्या वह्यांपैकी फार थोड्या उरल्या. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात मात्र जमिनीचे व्यवहार आणि मृत्युपत्रं उतरवून घेतली जात होती, आणि हक्काचा पुरावा म्हणून ते दप्तर जपलंही गेलं. नॉर्थॅम्प्टन काउंटीचं दप्तर तर १६३२ पासून सलग आहे. म्हणून त्या काळातला पूर्वज शोधणारा आधी जमिनीमागे जातो.

या कागदांचं मूळ १६१८ च्या एका नियमात आहे. वसाहतीला मजूर हवे होते. जो स्वतःचं किंवा दुसऱ्याचं जहाजाचं भाडं भरेल त्याला माणशी ५० एकर जमीन, असं वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने ठरवलं. या हक्काला 'हेडराइट' म्हणत. जमीन मागताना आणलेल्या माणसांची नावं द्यावी लागत, त्यामुळे मळेवाल्याच्या सनदेत, म्हणजे जमीन दिल्याच्या सरकारी कागदात, त्याच्या नोकरांचीही नावं आली. जॉर्ज मेनेफी या जमीनदाराच्या १६३० च्या दशकातल्या अशाच यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' असं नाव आहे. आपल्या बाजूचा माणूस अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत पोचल्याच्या अगदी जुन्या खुणांपैकी ही एक. फक्त सनदेचं साल म्हणजे येण्याचं साल नव्हे. हे हक्क विकले जात, वर्षानुवर्षं राखूनही ठेवले जात.

मृत्युपत्र वाचताना कायदा माहीत नसेल तर फसगत होते. मृत्युपत्र नसलं तर जमीन थोरल्या मुलाकडे जाई. ही रीत व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्याने संपली. तोवर जमिनीच्या वाटणीत ज्याचं नावच नाही तो कदाचित थोरला असतो, आपला वाटा आधीच मिळालेला. 'कझिन' म्हणजे पुष्कळदा पुतण्या. 'ज्युनियर' हा मुलगाच असेल असं नाही, त्याच गावातला त्याच नावाचा धाकटा माणूसही असू शकतो. १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे, हेही ध्यानात ठेवावं लागतं. खरेदीखतातल्या चतुःसीमेत ओक वृक्ष, ओढे आणि शेजाऱ्यांची नावं असतात. मला ही शेजाऱ्यांची नावं सर्वांत मोलाची वाटतात, कारण लग्नं बहुधा त्याच कुंपणांपलीकडे होत.

कागद जळालेही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात अनेक काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५ च्या आगीत तीच गेली. सनदा वेगळ्या ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

कागदांनी माणूस किती राखला, हे अँथनी जॉन्सनकडे पाहून कळतं. १६२१ मध्ये तो व्हर्जिनियात आला, तेव्हा त्याची नोंद 'अँटोनिओ, एक नीग्रो' एवढीच. पुढे तो स्वतंत्र झाला आणि १६५१ साली पाच हेडराइटवर त्याने नॉर्थॅम्प्टनमध्ये २५० एकर मिळवले. १६५३ च्या आगीत त्याचं मोठं नुकसान झालं. कोर्टाने त्याच्या बायको-मुलींना करातून सूट दिली. १६५५ मध्ये त्याच कोर्टाने जॉन कॅसर नावाच्या काळ्या माणसाला जन्मभर जॉन्सनच्या ताब्यात दिलं. तेही त्याच दप्तरात आहे आणि ते वगळून त्याची हकीकत सांगू नये.

नंतर कुटुंब मेरीलँडला गेलं. १६७० मध्ये जॉन्सन वारला, तेव्हा तो नीग्रो, म्हणून परका, असं ठरवून व्हर्जिनियात त्याची मागे राहिलेली जमीन सरकारजमा करण्यात आली. त्याची विधवा मेरी हिने १६७२ च्या मृत्युपत्रात नातवंडांना गाई ठेवल्या. त्यांच्यापैकी जॉनने १६७७ साली ४४ एकर जमीन घेतली. कागदावर तिचं नाव आहे: 'अंगोला'.