जेट इंजिनाला टाइप सर्टिफिकेट कसं मिळतं? अर्ज, कागदपत्रं आणि कसोट्या

अमेरिकेत नव्या जेट इंजिनाला फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे एफएएचं, टाइप सर्टिफिकेट लागतं; इंजिनाची रचना सुरक्षेच्या नियमांत बसते, याचा हा दाखला. अर्जाची पद्धत नियमावलीच्या भाग 21 मध्ये आहे, इंजिनाच्या कसोट्या भाग 33 मध्ये.

अर्ज कोण करू शकतं? नियमानुसार इच्छुक कोणीही. पण चाचणीची जागा, यंत्रसामग्री आणि जाणकार माणसं अर्जदारानेच पुरवायची असतात, त्यामुळे प्रत्यक्षात मोजक्याच कंपन्या या वाटेला जातात.

कागदपत्रं: अर्जासोबत इंजिनाच्या रचनेचं वर्णन, ते कसं चालतं याची माहिती आणि वापराच्या प्रस्तावित मर्यादा द्यायच्या. पुढे सुरक्षा विश्लेषण, इंजिन विमानाला बसवण्याच्या सूचना, देखभालीच्या सूचना आणि शेवटी सगळे नियम पाळल्याचं लेखी निवेदन. इंजिनासाठीचा अर्ज 3 वर्षं ग्राह्य असतो. मुदत हुकली तर नवा अर्ज किंवा मुदतवाढ, आणि मग मधल्या काळात बदललेले नियमही लागू होऊ शकतात.

कसोट्या: खरी परीक्षा इथे आहे. पाऊस, गारा, बर्फ हे सगळं इंजिनाला पचवावं लागतं. पक्ष्याच्या चाचणीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून मेलेला पक्षी फिरत्या पंख्यावर सोडतात. सर्वांत मोठ्या इंजिनांसाठी त्याचं वजन 3.65 किलो आणि वेग 200 नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे 370 किलोमीटर.

मला सर्वांत कठोर वाटते ती पातं तुटण्याची चाचणी. पंखा कमाल वेगाने फिरत असताना एका पात्याच्या मुळाशी छोटा स्फोट घडवून ते मुद्दाम तोडतात. तुकडे आवरणाच्या आतच अडायला हवेत, आग लागता कामा नये, इंजिन धरून ठेवणारे जोड तुटता कामा नयेत.

टिकाऊपणाची चाचणी 150 तासांची: 6 तासांचा एक फेरा, असे 25 फेरे. प्रत्येक फेऱ्यात एक तासभर 5 मिनिटं उड्डाणाची पूर्ण ताकद, 5 मिनिटं मंद गती, असं आलटून पालटून चालवतात. 150 तास हे इंजिनाचं आयुष्य असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. यातले बरेच तास कमाल वेग आणि कमाल तापमान यांच्या काठावरचे असतात, रोजच्या उड्डाणात इंजिन तिथे क्वचितच जातं. किरकोळ दुरुस्तीला परवानगी असते. वारंवार बंद पडलं किंवा मोठा भाग बदलावा लागला, तर जादा चाचण्या मागे लागू शकतात.

जीई या अमेरिकी कंपनीच्या जीई9एक्स इंजिनाला 2020 मध्ये हे प्रमाणपत्र मिळालं, तोवर 9 इंजिनांवर मिळून सुमारे 5,000 तास चाचण्या झाल्या होत्या. त्याचे काही भाग कंपनीच्या आपल्या पुण्याजवळच्या चाकणमधल्या कारखान्यात बनतात, याचा मला अभिमान वाटतो.

150 तास संपले की इंजिन पूर्ण उघडतात. सुटे भाग मांडून त्यांची मापं सुरुवातीच्या नोंदींशी ताडून पाहतात. प्रत्येक भाग पुन्हा इंजिनात बसवून चालवण्याच्या लायकीचा निघाला पाहिजे.