बी. डी. (सेरामपूर)

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) पाळकाची, म्हणजे पास्टरची, सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठीची ईशविज्ञानाची (थिऑलॉजीची) भारतातील प्रमुख पदवी. पूर्ण नाव ‘बॅचलर ऑफ डिव्हिनिटी’. नावात ‘बॅचलर’ असले तरी प्रवेशासाठी सामान्यतः आधीची पदवी लागते. बारावीनंतर येणाऱ्यांसाठी बी. टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) हा निराळा अभ्यासक्रम आहे. ही पदवी पश्चिम बंगालमधील हुगळीकाठच्या सेरामपूर येथील कॉलेजचे सिनेट, म्हणजे पदव्या देणारे मंडळ, देते. बंगालीत या गावाला श्रीरामपूर म्हणतात. त्यामुळे अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरशी त्याची गल्लत होते. दोहोंचा संबंध नाही.

पदवीचा आरंभ कधीचा मानावा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज काढले, म्हणून पुष्कळदा तेच वर्ष दिले जाते. मात्र त्यांच्या पहिल्या निवेदनात आशियातील ख्रिस्ती व इतर तरुणांना पौर्वात्य साहित्य आणि युरोपीय विज्ञान शिकवण्याचा हेतू सांगितला आहे. त्या कॉलेजाला निव्वळ पाळक घडवणारी सेमिनरी म्हणणे त्यामुळे अवघड जाते. दुसरे मत १८२७ च्या बाजूचे आहे. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि राजा सहावा फ्रेडरिक याने २३ फेब्रुवारी १८२७ च्या सनदेने कॉलेजाला पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये ही वसाहत इंग्रजांना विकली गेली, तेव्हा सनदेतील हक्क करारात राखून ठेवण्यात आले. पण हक्क असणे आणि तो वापरणे यांत फरक आहे. पुढे कॉलेज कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले, १८८३ मध्ये त्याचे कॉलेजवर्ग बंद पडले, आणि या सर्व काळात सनदेच्या बळावर एकही पदवी दिली गेली नाही. प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो अधिकार पुन्हा जागा केला. १९१५ मध्ये पहिले तीन बी. डी. बाहेर पडले. म्हणून अधिकाराचे वर्ष १८२७ आणि पदवीचे वर्ष १९१५ असे धरणे अधिक सयुक्तिक होय. १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने सिनेटला अनेक पंथांचे प्रातिनिधिक रूप आले आणि इतरत्रच्या सेमिनऱ्यांना संलग्न होण्याची वाट मोकळी झाली.

अभ्यासक्रमात बायबलातील जुना व नवा करार, ईशविज्ञान, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, उपदेशशास्त्र आणि पाळकीय समुपदेशन हे विषय येतात. मूळ भाषांचा अभ्यास हा यातला सर्वांत कसदार भाग. नव्या करारातील इफिसकरांस पत्र ४:११ मधील ‘पाळक व शिक्षक’ हे शब्द घ्या. ग्रीकमध्ये प्रेषित, संदेष्टे आणि सुवार्तिक यांच्याआधी प्रत्येकी स्वतंत्र उपपद (इंग्रजीतील ‘द’सारखा शब्द) आहे. पाळक आणि शिक्षक या दोघांना मिळून मात्र एकच. मग ही दोन पदे, की शिकवणारा पाळक असे एकच पद? मराठीत असे उपपदच नाही, त्यामुळे सारा भार एकट्या ‘व’वर पडतो आणि मराठी वाचकाच्या लक्षातही हा प्रश्न येत नाही. मंडळीला उपदेश करणाऱ्याने एवढ्या एका ओळीवर अख्खी सकाळ घालवली, तर ती सार्थकी लागली असे म्हणावे. ‘पाळक’ हा शब्द मात्र नेमका साधला आहे: ग्रीक ‘पोइमेन’ आणि लॅटिन ‘पास्टर’ दोहोंचा अर्थ मेंढपाळच.

मराठीशी सेरामपूरचे नाते या पदवीहून जुने आहे. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असे. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये निघाला. नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ च्या सुमारास छापले गेले. या कामात पंडित वैजनाथ यांचा वाटा मोठा होता, त्या मानाने त्यांचे नाव फार कमी घेतले जाते.

महाराष्ट्रात ही पदवी पुण्यातील युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी येथे घेता येते. दुसरी संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. बी. डी. चे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होते. पदवीधराला पुढे गावच्या मंडळीत उभे राहून बोलायचे असते ते मराठीत, आणि वर्गातली परिभाषा त्याला तिथे नव्याने घडवावी लागते. ही अडचण किरकोळ नव्हे. तिच्याकडे अभ्यासक्रमाने याहून अधिक लक्ष द्यायला हवे.

केवळ पदवीने कोणी पाळक होत नाही. पाळकपदाची दीक्षा संबंधित मंडळी वेगळी देते, आणि तिच्या अटी पंथागणिक बदलतात.

कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणाची परंपरा स्वतंत्र आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये धर्मप्रांतांना सेमिनऱ्या काढण्याचा आदेश दिला. गोव्यातील राशोलची सेमिनरी आणि १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन होऊन १९५५ मध्ये पुण्यात आलेली पेपल सेमिनरी या दोन्ही त्या परंपरेतल्या.